टायटॅनियमची झीज आणि पृष्ठप्रक्रिया: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हीट ट्रीटमेंटच्या धंद्यात पोलादाचे प्रश्न ठरलेले असतात, उत्तरंही ठरलेली. टायटॅनियमचा जॉब आला की मात्र फोनवर अर्धा तास जातो. तेच तेच प्रश्न इतक्यांदा आले की शेवटी बसून उत्तरं लिहून काढली. वेगळं काही सांगितलं नसेल तिथे 'टायटॅनियम' म्हणजे ग्रेड ५ समजा: ६ टक्के ॲल्युमिनियम आणि ४ टक्के व्हॅनेडियम घातलेला, बाजारात 'सिक्स-फोर' म्हणतात तो मिश्रधातू. विमानाच्या पात्यापासून हाडातल्या स्क्रूपर्यंत बहुतेक ठिकाणी हाच भेटतो.

टायटॅनियम एवढं मजबूत, मग ते झिजतं कसं?

मजबूत असणं वेगळं आणि घासायला टिकणं वेगळं. सिक्स-फोरची ताकद ९०० मेगापास्कलच्या आसपास आणि वजन पोलादाच्या साधारण ५६ टक्के, म्हणून त्याचा एवढा बोलबाला. कठीणपणा मात्र ३५० व्हिकर्सच्या घरात (हिऱ्याच्या टोकाचा ठसा मारून मोजतात ते कठीणपणाचं माप). बेअरिंगचं पोलाद ७०० च्या वर असतं.

तरीही सगळा दोष कठीणपणावर टाकता येत नाही. तेवढ्याच कठीणपणाचं पोलाद घासायला कितीतरी बरं वागतं. टायटॅनियमची गोम त्याच्या स्वभावात आहे. त्याच्या अंगावर ऑक्साइडचा काही नॅनोमीटर जाडीचा पापुद्रा असतो. समुद्राच्या पाण्यात किंवा शरीरात ते गंजत नाही ते या पापुद्र्याच्या जिवावर. पण दाब देऊन घासलं की पापुद्रा फाटतो आणि खालचा उघडा धातू समोरच्या धातूला भिडतो. उघडं टायटॅनियम कमालीचं हावरट. जे भेटेल त्याला चिकटतं. चिकटलेलं पुढच्या सरकण्यात फाटतं, तुकडा समोरच्या पृष्ठभागावर जाऊन बसतो, आणि आता तो तुकडाच नांगरासारखा चालतो. सुटलेला चुरा हवेत ऑक्साइड होऊन कडक बनतो आणि पॉलिश पेस्टसारखा घासत राहतो. वर सिक्स-फोरमधून उष्णता बाहेर पडायची गती साध्या पोलादाच्या सातव्या हिश्शाइतकीच, म्हणजे घासल्या जागेची धग तिथेच कोंडते.

बघायचं असेल तर टायटॅनियमचा एम ६ बोल्ट टायटॅनियमच्याच नटात कोरडा फिरवा. पहिले दोन-तीन आटे लोण्यासारखे जातात. मग बोटांना बारीक करकर जाणवते. तिथे थांबलात तर वाचलात. अजून अर्धा फेरा दिलात तर नट ना पुढे जातो ना मागे. करवतीनं कापून उघडला की आट्यांवर चकचकीत पापुद्रे उचललेले दिसतात. वर्कशॉपमध्ये याला 'पकडलं' म्हणतात, पुस्तकात गॉलिंग.

आर्चर्डनं १९५३ साली झिजेचा जो नियम मांडला त्यात झीज ही दाब आणि सरकलेलं अंतर यांच्या प्रमाणात वाढते, कठीणपणाच्या प्रमाणात घटते, आणि या सगळ्याला एक गुणांक लागतो. कोटिंग विकणारे कठीणपणाच्या आकड्यावर बोलतात. टायटॅनियमचं दुखणं त्या गुणांकात, म्हणजे त्याच्या चिकटण्याच्या स्वभावात आहे.

सोनेरी ड्रिल बिट टायटॅनियमचं असतं ना? मग ते कसं टिकतं?

नाही. ते हायस्पीड स्टीलचं असतं, वर टायटॅनियम नायट्राइडचा २-३ मायक्रॉनचा थर. धातू टायटॅनियम आणि टायटॅनियम नायट्राइड यांचं नाव सारखं, गुण अगदी वेगळे. नायट्राइड हा जवळजवळ चिनी मातीच्या जातीचा पदार्थ, २००० व्हिकर्सच्या वर. खालच्या बहुतेक प्रक्रियांचा उद्देश तोच, टायटॅनियमच्या अंगावर असं काहीतरी आणणं जे धातूसारखं वागणार नाही.

माझं घड्याळ टायटॅनियमचं आहे, तरी त्यावर ओरखडे का?

बरीच घड्याळं ग्रेड २ च्या शुद्ध टायटॅनियमची असतात. ते सिक्स-फोरहून बरंच मऊ, चांगल्या स्टेनलेसच्या बरोबरीनं किंवा थोडं खालीच. सिटिझननं १९७० साली टायटॅनियमचं पहिलं मनगटी घड्याळ काढलं, आणि पुढे त्याच कंपनीला पृष्ठभाग कठीण करायची स्वतंत्र पद्धत उभी करावी लागली, यातच उत्तर आलं. २०२३ च्या आयफोन १५ प्रोची चौकट ग्रेड ५ ची आहे, तिच्यावरही पातळ पीव्हीडी थर (निर्वातात वाफेतून चढवलेला) दिलेला आहे. किल्ल्यांच्या खिशात ठेवलात तर थर ओरखडा अडवेल, पण वाळूचा कण भारी पडतो. वाळू म्हणजे बहुतेक क्वार्ट्झ, १००० व्हिकर्सच्या आसपासचा दगड.

आमच्याकडे पोलादाची नायट्रायडिंग भट्टी आहे. त्यातच टाकलं तर?

कृपा करून टाकू नका. हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, म्हणून जरा सविस्तर.

नायट्रायडिंग म्हणजे पृष्ठभागात नायट्रोजन मुरवून तो कठीण करणं. पोलादाचं नायट्रायडिंग ५०० ते ५८० अंशांवर चालतं. त्या तापमानाला टायटॅनियममध्ये नायट्रोजन इतका सावकाश शिरतो की दिवसभर भट्टी चालवून हाती सोनेरी झाक येते, थर येत नाही. टायटॅनियमला सहसा ७०० ते ९०० अंश लागतात.

दुसरी अडचण जास्त घातक. पोलादाच्या भट्टीत अमोनिया वापरतात. अमोनिया फुटला की नायट्रोजनबरोबर हायड्रोजनही सुटतो, आणि टायटॅनियम हायड्रोजन अक्षरशः पिऊन टाकतं. थंड होताना आत हायड्राइडच्या सुया तयार होतात, त्या ठिसूळ. ग्रेड ५ मध्ये हायड्रोजनची मर्यादाच ०.०१५ टक्के आहे. जॉब बाहेरून सोन्यासारखा दिसतो, मापात बसतो, आणि पहिल्या धक्क्यात तुटतो.

तिसरं, हवा. भट्टीला जराशी गळती असेल तर पोलादावर फार तर रंग येतो. टायटॅनियम त्या तापमानाला ऑक्सिजन आत ओढून घेतं आणि पृष्ठभागाखाली 'अल्फा केस' नावाचं ठिसूळ कवच तयार होतं. म्हणून शुद्ध नायट्रोजन किंवा नायट्रोजन-आरगॉन आणि घट्ट निर्वात भट्टी, याला पर्याय नाही.

मग प्लाझ्मा नायट्रायडिंगमध्ये नेमकं होतं काय?

निर्वात भांड्यात जॉब ठेवतात. हवा काढून काहीशे पास्कल दाबाला नायट्रोजन सोडतात आणि जॉबला ऋण करून काहीशे व्होल्ट देतात. काचेच्या खिडकीतून बघितलं तर जॉबच्या अंगाला चिकटून जांभळट प्रकाशाची साय दिसते, कडाकोपऱ्यांतून वळत गेलेली. माझ्या मते कारखान्यातलं सगळ्यात देखणं दृश्य हेच. ही साय म्हणजेच प्लाझ्मा, विद्युतभारित वायू. त्या सायीतून आयन (भारित कण) जॉबवर आदळतात, आधी ऑक्साइडचा पापुद्रा ठोकून काढतात आणि मग नायट्रोजन आत शिरायला लागतो.

८०० अंशांच्या आसपास काही तास दिले की सर्वांत वर टायटॅनियम नायट्राइड आणि त्याच्या खालचं दुसरं नायट्राइड मिळून २ ते ४ मायक्रॉनचं कवच, आणि त्याखाली काही दशक मायक्रॉन खोलीपर्यंत नायट्रोजन विरघळलेला पट्टा तयार होतो. लोक सोनेरी कवचाचं कौतुक करतात. मला तो खालचा पट्टा महत्त्वाचा वाटतो. वरून खाली जाताना कठीणपणा तिथे हळूहळू उतरतो, एकदम कोसळत नाही. या पट्ट्याशिवाय कवचाला आधारच नसतो.

एक व्यवहारी सूचना: जॉबवर अरुंद खोल भोकं किंवा खाचा असतील तर आधी सांगा. भोकाच्या दोन भिंतींवरच्या सायी एकमेकींत मिसळल्या तर तिथे प्लाझ्मा भडकतो आणि ती जागा इतर अंगापेक्षा कितीतरी जास्त तापते. अशी भोकं आम्ही आधीच बुजवून घेतो.

३००० व्हिकर्सचं कोटिंग घेतलं की विषय संपला, बरोबर?

गादीवर काच ठेवा आणि त्यावर उभे राहा. काच तुमच्यापेक्षा कठीण आहे, तरी फुटते. का? खालची गादी दबते आणि काचेला तिच्याबरोबर वाकता येत नाही.

पीव्हीडीनं दिलेला टायटॅनियम नायट्राइड, क्रोमियम नायट्राइड किंवा हिऱ्याच्या जातीच्या कार्बनचा डीएलसी थर १ ते ५ मायक्रॉनचा असतो. खाली ३५० व्हिकर्सचं टायटॅनियम, आणि तेही लवचीक: त्याचा स्थितिस्थापकत्व गुणांक ११० गिगापास्कलच्या आसपास, पोलादाच्या निम्म्याहून थोडा जास्त. एका जागी भार आला की टायटॅनियम दबतं, वरचा थर तडकतो, आणि तडकलेले तुकडे घासायला मोकळे. न कोटिंग केलेल्या भागापेक्षा ही अवस्था वाईट, कारण आता घासणारा चुरा २००० व्हिकर्सचा आहे.

म्हणून भार जास्त असेल तर दोन टप्प्यांत काम करतात: आधी नायट्रायडिंग किंवा ऑक्सिजन मुरवून खालचं अंग कणखर करायचं, मग वर पीव्हीडी थर द्यायचा. याला ड्युप्लेक्स म्हणतात. मध्ये नायट्रायडिंगचं सोनेरी कवच हलकं पॉलिश करून घ्यावं लागतं, नाहीतर वरचा थर त्याला नीट धरत नाही. खर्च अर्थातच दोन प्रक्रियांचा. भार कमी आणि पसरलेला असेल तर नुसत्या पीव्हीडीनंही भागतं. उगाच ड्युप्लेक्स विकत घेऊ नका.

आणखी एक गैरसमज. टायटॅनियम नायट्राइड कठीण आहे, पण सुळसुळीत नाही. पोलादावर कोरडं घासलं तर त्याचं घर्षण बरंच जास्त असतं. सुळसुळीतपणा हवा असेल तर डीएलसी बघा. त्याचा घर्षण गुणांक ०.१ च्या आसपास येतो. मात्र नेहमीचं डीएलसी ३००-३५० अंशांच्या पुढे टिकत नाही, आणि टायटॅनियमवर ते धरावं म्हणून मध्ये क्रोमियम किंवा तत्सम अस्तर लागतं.

निळ्या-जांभळ्या रंगाचं ॲनोडायझिंग केलं तर झीज थांबेल का?

नाही. रंग म्हणजे शाई नव्हे, पारदर्शक ऑक्साइडच्या जाडीमुळे प्रकाशाचा झालेला खेळ आहे, साबणाच्या फुग्यावर दिसतो तसाच. व्होल्टेज वाढवलं की जाडी वाढते आणि रंग बदलतो. २५-३० व्होल्टला निळा येतो. पण ही जाडी नॅनोमीटरमध्ये मोजायची. नखानं जाणार नाही, नट फिरवायच्या पान्यानं जाईल. हाडाच्या स्क्रूंना मापानुसार वेगवेगळे रंग देतात ते शस्त्रक्रियेच्या टेबलावर पटकन ओळखू यावेत म्हणून.

अल्कधर्मी द्रावणात केलेलं राखाडी ॲनोडायझिंग वेगळं. विमानाच्या आणि इम्प्लांटच्या कामात ते आटे पकडू नयेत म्हणून मुद्दाम वापरतात. आणि काहीशे व्होल्टला द्रावणात ठिणग्या उडवत जो खडबडीत, मातकट थर देतात तो प्लाझ्मा इलेक्ट्रोलिटिक ऑक्सिडेशनचा. तो मायक्रॉनच्या दशकांत जाड होतो, पण सच्छिद्र असतो. छिद्रांत तेल किंवा कोरडं वंगण भरलं तर चांगला चालतो, कोरडा ठेवला तर समोरच्या भागाला कानशीसारखा खातो.

नुसतं हवेत तापवून काम होतं असं ऐकलं. खरं का?

खरं आहे, आणि हा पर्याय आपल्याकडे उगाच दुर्लक्षित राहिलाय. आधी मी हवेतल्या ऑक्सिजनची भीती घातली, आता त्याचीच शिफारस करतोय, म्हणून नीट वाचा.

इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅम विद्यापीठातल्या संशोधकांनी या पद्धतीवर भरपूर काम केलं. ६०० ते ६५० अंशांना, कित्येक तास, कधी दोन दिवसांच्या वर, नियंत्रित रीतीनं तापवायचं. वर रुटाइल जातीच्या टायटॅनियम डायऑक्साइडचा १-२ मायक्रॉनचा घट्ट थर येतो आणि त्याखाली ऑक्सिजन मुरलेला कणखर पट्टा. रुटाइल हा धातू नसल्यामुळे समोरच्या धातूला चिकटत नाही. तेलात किंवा प्लास्टिकच्या भागावर चालणाऱ्या जॉबसाठी हा थर फार छान. भट्टी सोडून दुसरं यंत्र लागत नाही.

सगळी मेख तापमानात. लवकर उरकावं म्हणून ८०० अंशांला नेलं की थर जाड होतो, सच्छिद्र होतो, आणि थंड होताना जुन्या भिंतीच्या पोपड्यांसारखा सुटतो. खालचं अल्फा केस मात्र तसंच राहतं. म्हणजे ऑक्सिजन तोच. ६२५ अंशांवर तो कवच देतो आणि ८०० ला जॉब भंगारात घालतो.

जाता जाता: भिंतीच्या पांढऱ्या रंगातला पांढरेपणा याच टायटॅनियम डायऑक्साइडचा. रत्नागिरीच्या किनाऱ्यावर, मालगुंड-काळबादेवीच्या बाजूला, वाळूत काळे पट्टे दिसतात ते इल्मेनाइटचे, टायटॅनियमच्याच खनिजाचे. जगातल्या अशा खनिजाचा बहुतांश भाग धातू न होता रंगातच जातो. धातू काढायची क्रोल पद्धत इतकी खटाटोपाची आहे की टायटॅनियम महाग पडणारच. आपल्याकडे स्पंज टायटॅनियमचा (क्रोल पद्धतीतून निघणाऱ्या सच्छिद्र कच्च्या धातूचा) कारखाना केरळात चवऱ्याला आहे, २०११ साली सुरू झालेला, वर्षाला ५०० टन क्षमतेचा.

नायट्रायडिंग करून घेतलं, पण लॅबच्या रिपोर्टमध्ये ३९० व्हिकर्सच आलं. फसवणूक झाली का?

बहुधा नाही. रिपोर्टमध्ये भार किती वापरला ते बघा.

असाच एक कागद घेऊन एक गृहस्थ तणतणत आमच्याकडे आले होते. मोजमाप १ किलोच्या भारानं केलेलं. गणित करू. ३९० व्हिकर्सला १ किलोचा ठसा कर्णावर ६९ मायक्रॉन येतो, खोली त्याच्या सातव्या हिश्शाइतकी, म्हणजे जवळपास १० मायक्रॉन. कवच ३ मायक्रॉनचं. हिऱ्याचं टोक कवच फोडून आत गेलं आणि खालचं टायटॅनियम मोजून आलं. साईची जाडी मोजायला पातेल्यात पळी बुडवल्यासारखं.

आम्ही त्याच तुकड्यावर त्यांच्यासमोर २५ ग्रॅमनं ठसे घेतले. आकडा चार अंकी आला. पण प्रामाणिकपणे सांगायचं तर तोही निखळ कवचाचा आकडा नव्हे. २००० व्हिकर्सच्या थरात २५ ग्रॅमचा ठसा ०.७ मायक्रॉन खोल जातो. ठशाची खोली थराच्या दहाव्या हिश्शाच्या आत असावी असा ढोबळ नियम, म्हणजे थर निदान ७ मायक्रॉनचा हवा. ३ मायक्रॉनच्या कवचासाठी नॅनोइंडेंटेशन, म्हणजे अतिसूक्ष्म भाराचा ठसा लागतो. रोजच्या कामाला एवढं करायची गरज नाही. तुकडा आडवा कापून, पॉलिश करून, पृष्ठभागापासून आत जात १०-१० मायक्रॉनवर तिरक्या ओळीत ठसे घ्या आणि आलेख काढा. कठीणपणा आत कसा उतरत जातो ते त्या आलेखात दिसतं, आणि खरी माहिती तीच.

थर किती घट्ट बसलाय यासाठी ओरखडा चाचणी, झिजेसाठी पिन-ऑन-डिस्क (फिरत्या चकतीवर पिन घासायची चाचणी). रॉकवेलचा ठसा मारून भोवतीच्या तडा बघायची पद्धत कठीण पोलादासाठी बेतलेली आहे; टायटॅनियमवर तिच्या निकालावर फार विसंबू नका.

प्रक्रियेनंतर भाग आधीपेक्षा लवकर तुटला. असं का?

फटीगमुळे. वारंवार भार येऊन-जाऊन धातू दमतो आणि तडा सुरू होतो, तोही बहुतेक वेळा पृष्ठभागावरून. तुम्ही पृष्ठभाग कठीण केलात म्हणजे ठिसूळही केलात. वाकण्याच्या ताणात नायट्राइडचं कवच आधी तडकतं आणि ती तड खालच्या धातूला तयार सुरुवात मिळवून देते. शिवाय ८५०-९०० अंशांना बरेच तास ठेवलं की आतले कण वाढतात आणि धातूची मूळ फटीग ताकदच घटते. या दोन्हींचं मिळून होणारं नुकसान सहज दिसण्याएवढं असतं.

उपाय आहेत, फुकट एकही नाही. तापमान आणि वेळ कमी ठेवायची आणि पातळ थरावर समाधान मानायचं. घासणारा भाग तेवढाच नायट्राइड करून वाकणारा भाग झाकून ठेवायचा. शॉट पीनिंग (बारीक गोळ्यांचा मारा) करून पृष्ठभागात दाबाचा ताण भरायचा, पण भट्टीच्या आधी पीनिंग करून उपयोग नाही. ४०० अंशांच्या वर तो ताण बराचसा निघून जातो. मी स्वतः फिरत्या किंवा वाकत्या भागाला, ग्राहकानं हट्ट धरला तरी, ८५० च्या वर नेत नाही. कनेक्टिंग रॉडसारख्या भागात तर फक्त मोठ्या टोकाच्या बाजूच्या घासणाऱ्या कडांना थर देतात, मधल्या दांड्याला हातही लावत नाहीत. होंडानं १९९० साली एनएसएक्स गाडीत टायटॅनियमचे कनेक्टिंग रॉड दिले, तेव्हापासून रस्त्यावरच्या गाड्यांतही हा विषय आला.

वाळू, स्लरी, पाण्याचे थेंब असतील तर? ३ मायक्रॉन किती दिवस पुरणार?

नाही पुरणार. तिथे जाड थरच हवा. एचव्हीओएफ पद्धतीनं (ज्वाळेच्या अतिवेगवान झोतातून पूड मारून) टंगस्टन कार्बाइड-कोबाल्टची फवारणी केली तर १०० ते ३०० मायक्रॉनचा, ११०० व्हिकर्सच्या आसपासचा थर मिळतो. जॉब फारसा तापत नाही ही जमेची बाजू. नंतर हिऱ्याच्या चाकानं ग्राइंडिंग करावं लागतं ही खर्चाची.

लेझर नायट्रायडिंगमध्ये लेझरनं पृष्ठभाग वितळवतात आणि त्या डबक्यावर नायट्रोजनचा झोत सोडतात. टायटॅनियम नायट्राइड झाडाच्या फांद्यांसारखं त्यात उगवतं. खोली मिलिमीटरच्या काही दशांशापर्यंत जाते. वाफेच्या टर्बाइनच्या शेवटच्या टप्प्यातल्या लांब टायटॅनियम पात्यांची पुढची कड पाण्याच्या थेंबांनी कुरतडली जाते, तिथे ही पद्धत वापरतात. नायट्रोजन जास्त सोडला की तडा, कमी सोडला की मऊ. आरगॉन मिसळून मधला मार्ग काढतात.

हार्ड क्रोमबद्दलही विचारतात. ऑक्साइडच्या पापुद्र्यामुळे तो टायटॅनियमला धड धरत नाही, आणि धरायला लावण्यासाठीच्या आम्ल-प्रक्रियेत हायड्रोजन शिरतो. एचव्हीओएफ असताना त्या वाटेला जाऊ नये.

जेट इंजिनाच्या पात्यांच्या मुळाशी मऊ तांब्याचा थर देतात म्हणे. मऊ का?

कारण तिथे पाती सरकत नाहीत, थरथरतात. पात्याचं मूळ चकतीच्या खाचेत बसतं आणि काही मायक्रॉनच्या अंतरात पुढेमागे होतं. या फ्रेटिंगमध्ये दोन टायटॅनियम भाग एकमेकांना कुरतडतात आणि त्या जागेतून फटीगची तड निघते. कठीण थर दिला तर तो समोरच्या भागाला खाईल. म्हणून तांबं-निकेल-इंडियमचा फवारलेला मऊ थर आणि वर मोलिब्डेनम डायसल्फाइडचं कोरडं वंगण. थर स्वतः झिजतो, पात्याला वाचवतो, आणि देखभालीत पुन्हा देता येतो. कठीणपणाच्या आकड्यामागे लागलेल्यांना मी नेहमी हे उदाहरण देतो.

आईच्या गुडघ्यात टायटॅनियमचा सांधा बसवलाय. तो झिजून शरीरात जाईल का?

हा प्रश्न ग्राहकांइतकाच नातेवाइकांकडूनही येतो. नेहमीच्या गुडघ्यात मांडीच्या बाजूचा घासणारा भाग सहसा कोबाल्ट-क्रोमचा असतो, नडगीत बसणारी बैठक टायटॅनियमची, आणि मध्ये पॉलिथिलीनचा तुकडा. म्हणजे टायटॅनियम हाडाला धरून बसायचं काम करतं, ज्यात त्याचा हात कुणी धरणार नाही. घासायचं काम दुसऱ्याकडे.

ही वाटणी अनुभवातून आली. १९७० आणि ८० च्या दशकांत खुब्याच्या सांध्याचा गोळाही सिक्स-फोरचा करून पाहिला. हाडाच्या सिमेंटचे कण मध्ये अडकले, पापुद्रा फाटत राहिला, आणि काही रुग्णांच्या सांध्याभोवतालच्या ऊती धातूच्या चुऱ्यानं काळ्या पडल्या. नायट्रोजनचे आयन पृष्ठभागात घुसवून उपाय करून झाला, पण तो थर मायक्रॉनच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास; कणाचा एक ओरखडा त्याच्या पार जातो. शेवटी गोळे कोबाल्ट-क्रोमचे किंवा सिरॅमिकचे झाले आणि दांडा टायटॅनियमचा राहिला. तुमच्या आईच्या बाबतीत काही शंका असेल तर मात्र शस्त्रक्रिया केलेल्या डॉक्टरांनाच विचारा. मी भट्टीवाला माणूस.

बोरायडिंग, कार्ब्युरायझिंग (बोरॉन किंवा कार्बन मुरवणं) टायटॅनियमवर होतं का?

होतं. बोरायडिंगमध्ये ३००० व्हिकर्सच्या घरातला थर येतो आणि त्याच्या बोराइड सुया मुळांसारख्या खाली रुततात, पकड झकास. पण त्यासाठी ९०० ते १००० अंशांच्या पुढे जावं लागतं, आणि तिथे सिक्स-फोरची मूळ रचनाच बदलू लागते. फटीग नसलेल्या, जाडजूड भागापुरता विचार करा.

जॉब पाठवण्याआधी कशानं धुऊ?

ॲसिटोन किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोल, स्वच्छ हातमोजे, बस्स. क्लोरीन असलेलं सॉल्व्हंट नको. घामाचे बोटांचे ठसेही नकोत, कारण मीठ राहिलेल्या जागी तापवल्यावर तडा जाऊ शकतात. मिथेनॉल तर अजिबात नको. १९६६ साली अपोलो कार्यक्रमातल्या सिक्स-फोरच्या इंधन टाक्या चाचणीत फुटल्या त्या मिथेनॉलमुळे. चाचणीसाठी ते निरुपद्रवी म्हणून भरलं होतं. कॅडमियम लावलेले पाने, बोल्ट, क्लॅम्पही जवळ ठेवू नका.

चौकशी करताना सोबत काय द्यायचं?

ड्रॉइंग, मटेरियलचं सर्टिफिकेट, कोणत्या भागावर मापाची सूट किती आहे, आणि समोर घासणारा भाग कशाचा आहे ते. शेवटची गोष्ट दहापैकी आठ जण सांगत नाहीत. वंगण काय, तापमान किती, भाग सरकतो की नुसता थरथरतो, हेही कळवा.

आणि झिजलेला जुना भाग असेल तर तो आधी पाठवा. कृपया पुसू नका, धुऊ नका, चकचकीत करू नका. मागे एकांनी इतका मन लावून बफिंग करून पाठवला होता की त्यातून काहीच वाचता येईना. खाचेत अडकलेला काळा चुरा, उचललेले पापुद्रे, समोरच्या भागावर चिकटलेला राखाडी डाग, सगळं जसंच्या तसं प्लास्टिकच्या पिशवीत घालून द्या. समोरचा भागही असेल तर दुसऱ्या पिशवीत.